वाचकांचे प्रश्न : नायक जवळचा का वाटत नाही?

प्रश्न : मी एक कादंबरी लिहिली आहे. तिचा नायक एका संस्थेत हिशेबनीस असून तो प्रामाणिक, कष्टाळू आणि निर्भीड आहे; संस्थेतील अफरातफर तो उघडकीला आणतो. हस्तलिखित वाचणाऱ्या स्नेह्यांना कथानक आवडले, मात्र ‘नायक आपला वाटत नाही’ असे सर्वांनीच सांगितले. तो फार निर्दोष झाला असावा असे वाटून मी त्याला अंधाराची भीती आणि शीघ्रकोपी स्वभाव दिला. तरीही अभिप्राय तोच आहे. त्याला आणखी कोणते दोष द्यावेत?

उत्तर : आणखी दोष देऊ नयेत, असे मी आपणास आग्रहाने सुचवीन. सर्वगुणसंपन्न नायक वाचकापासून दूर राहतो हे आपले निदान योग्य आहे आणि ते फार जुनेही आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त शोकात्मिकेच्या नायकाविषयी म्हटले आहे की तो सर्वस्वी सज्जन नसावा आणि दुर्जनही नसावा, तर या दोहोंच्या मधला, एखाद्या प्रमादामुळे संकटात सापडणारा असावा, कारण पात्र नसतानाही ज्याच्या वाट्याला दुःख येते त्याच्याविषयी करुणा वाटते, आणि ते दुःख आपल्यासारख्याच माणसावर आलेले पाहून भीती वाटते. या विवेचनात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की नायकाचा प्रमाद हा त्याच्या वर्णनाचा भाग नसून कथानकाचा भाग आहे. पुढच्या घटना त्यातून घडतात. आपल्या नायकाची अंधाराची भीती काढून टाकली तर कादंबरीतील एखादा तरी प्रसंग बदलेल का, हे तपासून पाहावे. बदलणार नसेल, तर वाचकाच्या दृष्टीने ती भीती नाहीच.

दोषांविषयी आणखी एक सावधगिरी हवी. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1966 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी आलेल्या उमेदवाराच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना ऐकवण्यात आले. एका मुद्रणात उमेदवार बहुतेक सर्व अवघड प्रश्नांची बरोबर उत्तरे देतो, दुसऱ्यात तो साधारण कुवतीचा आहे. आणि दोहोंच्या काही आवृत्त्यांत शेवटी त्याच्या हातून अंगावर कॉफी सांडते. हुशार उमेदवार कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. साधारण कुवतीचा उमेदवार मात्र त्याच चुकीमुळे कमी आवडला. प्रयोगशाळेतील निष्कर्ष कादंबरीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य आहे. तरी त्यातून एवढे निश्चित दिसते की चूक स्वतःहून माणसाला प्रिय करत नाही. ज्याच्याविषयी आधीच काही आदर निर्माण झाला आहे, त्याची चूक त्याला जवळ आणते. तेव्हा आपला हिशेबनीस आपल्या कामात खरोखर तरबेज आहे, हे वाचकाने प्रथम पाहिले पाहिजे. केवळ ‘कष्टाळू’ असे विशेषण देऊन ते साधणार नाही. रकमांच्या लांबलचक रांगेत एकच आकडा त्याला का खटकतो, हे वाचकाला त्याच्याबरोबर कळू द्यावे.

परंतु आपल्या हस्तलिखितातील खरी उणीव दोषांची नसून इच्छेची असावी, असे आपल्या पत्रावरून मला वाटते. नायक कसा आहे हे आपण तीन विशेषणांत सांगितले आहे. त्याला काय हवे आहे, हे कोठेही आलेले नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये लोकांना एक छोटा चित्रपट दाखवला होता, ज्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर हालचाल करतात. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांनी त्याचे वर्णन सजीवांची गोष्ट म्हणून केले : मोठा त्रिकोण दांडगाई करतो, लहान त्रिकोण प्रतिकार करतो, वर्तुळ घाबरून सुटू पाहते. या आकृत्यांना चेहरा नव्हता, नाव नव्हते, पूर्वायुष्यही नव्हते. त्या कशाकडे तरी जाऊ पाहत होत्या आणि काहीतरी त्यांना अडवत होते, एवढेच होते. कादंबरीकाराने नायकाची जन्मकथा लिहिण्याआधी या प्रयोगाचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या हिशेबनिसाकडे पाहू. अफरातफर उघडकीला आणणे हे त्याचे कृत्य आहे. त्यामागची इच्छा कोणती? समजा, लहानपणापासून ‘हा मुलगा खोटे बोलत नाही’ ही एकच गोष्ट लोकांनी त्याच्याविषयी अभिमानाने सांगितली आहे आणि तो त्या प्रतिमेच्या आधाराने जगत आला आहे. समजा, खोट्या जमाखर्चावर सही आहे ती त्याला नोकरीला लावणाऱ्या, पडत्या काळात त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या वरिष्ठांची. आणि समजा, त्याच वहीत काही वर्षांपूर्वी स्वतःची एक लहानशी चूक झाकण्यासाठी त्याने आकडा बदललेला आहे. अशा स्थितीत त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच मुळातून फुटतात : प्रामाणिक म्हणवून घेण्याची ओढ त्याला तक्रार करायला लावते आणि तीच ओढ त्याला ते जुने पान लपवायला लावते. येथे वाचक त्याच्या शेजारी येऊन बसतो. वाचक स्वतः हिशेबनीस नसेल, त्याने कधी कोणाचे पैसे खाल्ले नसतील. पण स्वतःविषयीचे चांगले मत सांभाळण्यासाठी एखादी गोष्ट दडवण्याचा मोह त्याला ठाऊक असतो. नायकाने पुढे चुकीचा निर्णय घेतला तरी वाचक त्याला सोडून जाणार नाही, कारण निर्णय घेताना त्याच्यापुढे काय काय होते हे वाचकाने पाहिलेले असते. नायकाशी आपण सहमत होतो म्हणून तो आपला वाटतो, असे बहुधा घडत नाही. त्या क्षणी त्याला दुसरे काही का सुचले नाही, हे कळले म्हणून तो आपला वाटतो. म्हणून त्या निर्णयाचे प्रकरण पुन्हा लिहावे, आणि ते घाईने उरकू नये.

प्रश्न : नायकाशी अधिकाधिक वाचकांना समरस होता यावे म्हणून त्याचे वय, व्यवसाय, रूप यांचे तपशील मोघम ठेवावेत, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते तो योग्य नाही. रिकामी जागा ठेवली की वाचक ती स्वतःच्या आयुष्याने भरील, ही कल्पना आकर्षक असली तरी अनुभव वेगळा आहे. मोघम नायक कोणाचाच होत नाही.

या प्रश्नाचा सखोल विचार संस्कृत काव्यशास्त्रात झालेला आहे. रंगभूमीवरील राजाचा शोक प्रेक्षकाला कसा अनुभवता येतो, हा तो प्रश्न. तो शोक परक्याचा मानला तर प्रेक्षक उदासीन राहील आणि स्वतःचा मानला तर त्याला निव्वळ दुःख होईल, आस्वाद घेता येणार नाही. भट्टनायकाने याला उत्तर म्हणून साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण अभिनवगुप्ताने केलेल्या चर्चेतून त्याचे मत आपल्याला कळते. काव्याच्या आणि अभिनयाच्या सामर्थ्याने तो शोक ‘त्या व्यक्तीचा’ किंवा ‘माझा’ या बंधनातून सुटतो आणि सर्व सहृदयांना आस्वाद्य होतो, असे त्याचे म्हणणे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : राजाचे राजेपण पुसून टाका, असे हे शास्त्र सांगत नाही. उलट विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांची नेमकी योजना हवी, म्हणजे कशामुळे, कोणत्या हालचालींतून आणि कोणत्या क्षणिक मनोवस्थांतून भाव प्रकट होतो हे दिसले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. तपशील ठाम असला तरच भाव त्यातून मोकळा होतो. आपल्या नायकाला निश्चित वय द्या, निश्चित काम द्या, आणि त्याचे दुःख त्या कामातूनच प्रकट होऊ द्या.

प्रश्न : नायकाने ‘मी’ म्हणून गोष्ट सांगितली तर तो आपोआप जवळचा होतो का?

उत्तर : आपोआप होत नाही, पण मोठे साहाय्य होते, विशेषतः नायकाचे वागणे समर्थनीय नसेल तेव्हा. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ययाति’मध्ये वि. स. खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाही स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली आहे. भोगात बुडालेला ययाती दुसऱ्याच्या तोंडून आला असता तर वाचकाने त्याला फार लवकर झिडकारले असते. तृतीयपुरुषी निवेदनातही ही जवळीक साधते. ‘तो खिडकीपाशी गेला. अजून कोणी आले नव्हते. येणार तरी होते का?’ यातील तिसरे वाक्य निवेदकाचे आहे तसेच नायकाचेही आहे, आणि ‘असे त्याला वाटले’ ही पुस्ती न जोडल्यामुळेच वाचक त्याच्या मनात शिरतो.

प्रश्न : माझा नायक विलक्षण बुद्धिमान आणि काहीसा तुसडा आहे. असा नायक वाचकांना परकाच वाटणार का?

उत्तर : शेरलॉक होम्सचे उदाहरण पाहावे. 1893 मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी त्याचा मृत्यू दाखवला तेव्हा वाचक अतिशय नाराज झाले, आणि 1903 मध्ये लेखकाला त्याला जिवंत परत आणावे लागले. होम्स कोणाही वाचकासारखा नाही. वाचकासारखा आहे तो वॉटसन, होम्सचा मित्र आणि त्याच्या बहुतेक कथांचा निवेदक, जो चकित होतो, दुखावतो, काळजी करतो आणि तरीही त्या माणसाला सोडत नाही. वॉटसनचा जीव होम्सवर आहे म्हणून आपलाही जडतो. 1926 मध्ये दोन कथा होम्सच्या स्वतःच्या निवेदनातून आल्या. त्यांपैकी एकीत वॉटसनची उणीव भासत असल्याचे तो स्वतःच सांगतो, आणि वाचतानाही ती जाणवते. आपल्या नायकाच्या सहवासात कोण राहते आणि त्याचा तुसडेपणा सहन करूनही का राहते, हे प्रथम ठरवावे. त्या व्यक्तीला पहिल्या प्रकरणातच आणता आले तर उत्तम.