लिखाणासाठी रोज एक तास राखून ठेवतो, तरी काहीच लिहून होत नाही. वेळेचं नियोजन कुठे चुकतंय?

नियोजन बहुधा ठीकच असेल, त्या तासात तुम्हीच हजर नसता. माझंही तेच व्हायचं. सहाला पाच कमी असताना ऑफिसचा एक मेल ‘नुसता बघू’ म्हणून उघडायचो आणि पुढची चाळीस मिनिटं एकच वाक्य खोडत बसायचो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात याचं कारण मांडलंय: काम अर्धवट सोडलं की लक्षाचा काही भाग तिथेच रेंगाळतो.

२५ मिनिटांचा पोमोडोरो (घंटा लावून तेवढा वेळ सलग काम, मग छोटी विश्रांती) मुद्रितं तपासायला उत्तम. पहिल्या खर्ड्याला मात्र मला तो जाचच वाटतो. वाक्य कुठे हाताशी येतंय तोच घंटा!

आता बसलो की आधी डोक्यात घोळणारी कामं कागदावर उतरवतो. फोन दुसऱ्या खोलीत (उशीखाली नको, करून पाहिलंय). मग कालचं शेवटचं पान हाताने पुन्हा लिहून काढतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीत एखादा शब्द खटकतो, तो बदलला की गाडी आपसूक पुढे सरकते. कधीकधी तासाला चारच ओळी होतात. खिडकीबाहेर बघण्यात गेलेली दहा मिनिटंही मी लिखाणातच धरतो.