‘मेइजी पुनःस्थापना’ म्हणावे की ‘मेइजी क्रांती’?

प्रश्न असा आहे की, एकोणिसाव्या शतकात मेइजी सम्राटाच्या काळातल्या ज्या घडामोडींनी जपानचा जुना समाज मुळापासून बदलला, त्यांना मराठीत ‘पुनःस्थापना’ असे जवळजवळ उलट अर्थाचे नाव का दिले जाते, आणि त्याऐवजी ‘क्रांती’ म्हटले तर बिघडेल का.

‘पुनःस्थापना’ हे इंग्रजीतील ‘रिस्टोरेशन’चे भाषांतर आहे. जपानीत मात्र येथे दोन निरनिराळे शब्द आहेत. ३ जानेवारी १८६८ रोजी क्योतोमध्ये सम्राटाची सत्ता परत प्रस्थापित झाल्याची जी घोषणा झाली, तिला ‘ओसेइ फुक्को’ म्हणतात आणि तेवढ्यापुरता ‘पुनःस्थापना’ हा प्रतिशब्द नेमका आहे. त्या घोषणेसह पुढच्या सगळ्या उलथापालथीचे रूढ नाव ‘मेइजी इशिन’ आहे. ‘इशिन’ म्हणजे नवे होणे. चौ हे राज्य जुने असले तरी त्याला लाभलेला दैवी आदेश नवा आहे, अशा आशयाच्या एका प्राचीन चिनी काव्यपंक्तीतून तो शब्द आला आहे. जुने परत आणण्याचा अर्थ त्यात नाही.

‘क्रांती’च्या बाजूने बरेच बोलता येते. १८७१ मध्ये सरंजामी जहागिऱ्या मोडून प्रांत आखले गेले, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि १८७६ मध्ये सामुराईंना, म्हणजे योद्धावर्गाला, सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्याची बंदी झाली. हे सर्व घडवणारे पुढारी बहुतांशी सातसुमा आणि चोशू या जहागिऱ्यांतील सामुराईच होते. म्हणजे आपल्याच वर्गाचे विशेषाधिकार त्यांनी स्वतः मोडीत काढले, आणि त्याविरुद्ध १८७७ मध्ये साइगो ताकामोरी यांच्या नेतृत्वाखाली बंडही झाले. तरीही सत्ता जनतेकडे गेली नाही. १८८९ च्या राज्यघटनेने सार्वभौमत्व सम्राटाच्याच ठायी ठेवले. ‘क्रांती’ म्हटले की मराठी वाचकाला फ्रान्स आठवतो, आणि ते चित्र येथे दिशाभूल करते.

‘नूतनीकरण’ अर्थाने जवळचे आहे, पण ते परवान्याचे आणि मुदतठेवीचे होते, त्यामुळे इतिहासलेखनात हास्यास्पद वाटते. ‘नवनिर्माण’ला अलीकडे पक्षीय वास येतो. माझ्या मते ‘मेइजी स्थित्यंतर’ हा शब्द सर्वांत निर्दोष आहे; १८६८ च्या घोषणेबद्दल लिहिताना मात्र ‘राजसत्तेची पुनःस्थापना’ असे पूर्ण म्हणावे, म्हणजे कशाची पुनःस्थापना हा प्रश्न उरत नाही.