इंग्लंडच्या लहान खेड्यातले घरांचे भाव कसे वाचावेत?

तुम्ही विचारलंय की श्रॉपशायर हिल्समधल्या ज्या खेड्यात तुम्ही घर बघताय, तिथली सरासरी किंमत एका वर्षात जवळपास निम्मी झालेली दिसते; भाव कोसळलेत का, की थोडं थांबावं?

केवळ त्या आकड्यावरून थांबू नका. अशा खेड्यात वर्षाला तीन-चार घरं विकली जातात आणि तेवढ्यांच्या सरासरीतून काहीच कळत नाही. समजा, गेल्या वर्षी 2,40,000, 2,60,000 आणि 3,00,000 पौंडांना तीन साधी घरं गेली आणि 12,00,000 ला एक जुना वाडा. सरासरी 5,00,000. यंदा वाडा नाही, फक्त तीन साधी घरं, प्रत्येक 10,000 ने महाग. सरासरी 2,77,000 च्या आत! भाव चढले आणि आकडा पडला.

म्हणून सरासरी सोडा आणि एकेक व्यवहार वाचा. आपल्याकडे इंडेक्स टू काढतो तसंच, पण इथे ते जास्त सोपं आहे. लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, 1995 पासूनच्या बहुतेक विक्रीच्या किमती पत्त्यासकट फुकट बघता येतात. रेडी रेकनर नाही. स्टॅम्प ड्यूटी प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर लागते. काउन्सिल टॅक्सच्या (काउन्सिल म्हणजे इथली पालिका, तिची घरपट्टी) बँडवरून, म्हणजे किमतीच्या गटावरून मात्र आजची किंमत ठरवू नका, तो 1991 च्या भावावर बसवलेला आहे.

लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत क्षेत्रफळ नसतं. ते त्या घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रात, म्हणजे ईपीसीत मिळतं आणि तेही ऑनलाइन खुलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून चौरस मीटरचा भाव काढा. गावात नोंदी कमी पडल्या तर आजूबाजूची चार-पाच गावं घ्या, दहा वर्षं मागे जा. एकच घर दोनदा विकलेलं सापडलं तर ते सगळ्यात बोलकं, फक्त मधे वाढीव बांधकाम झालंय का ते काउन्सिलच्या परवानग्यांमध्ये बघून घ्या. आणि ताजी नोंदसुद्धा शिळी असते: भाव ठरल्यावर सौदा पुरा व्हायला काही महिने जातात, मग नोंद.

आता स्वस्त दिसणाऱ्या घरांबद्दल, कारण तिथे मी स्वतः फसता फसता वाचलो. एक सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर, शेजारच्यांपेक्षा बरंच खाली होतं. मी आणि बायको पडदे कुठले लावायचे इथवर पोचलो होतो. मग आमच्या सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने सांगितलं की हे मूळचं काउन्सिलचं घर. 1985 च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम 157 चं बंधन आहे. आधीची तीन वर्षं त्या भागात राहिलेल्या किंवा काम केलेल्यालाच ते विकता येतं, नाहीतर काउन्सिलची संमती लागते. आम्ही बर्मिंगहॅमचे, आमचं नाव तिथेच कटलं. फार वाईट वाटलं, पण नियम मला पटतो. तिथे वाढलेल्या पोरांना घर परवडायला नको का? शेतीत काम करणाऱ्यांसाठीच राखीव अशी अटही काही घरांवर असते, तीही किंमत खाली ओढते.

ऑफर देण्यापूर्वी एजंटला तीन गोष्टी विचारा: असं कुठलं बंधन आहे का, घर लिस्टेड (ऐतिहासिक म्हणून संरक्षित) आहे का, आणि सांडपाणी गटारात जातं की सेप्टिक टँकमध्ये. टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडलेलं असेल तर ते 2020 पासून चालत नाही, आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागा.