शेअर आत्ताच विका, राजीनामा मार्चनंतर द्या

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ३६ वर्षांच्या, मूळच्या सांगलीच्या. बंगळुरूत एका अमेरिकन चिप कंपनीत नऊ वर्षं व्हेरिफिकेशन इंजिनिअर आहेत. बोनस धरून वर्षाला ४६ लाख, हातात महिना २ लाख ४० हजार, शिवाय दर तिमाहीला पदरात पडणारे कंपनीचे शेअर. जमलेले शेअर १ कोटी ३२ लाखांचे, म्युच्युअल फंड २४ लाख, पीएफ ३१ लाख, एफडी ६ लाख. बंगळुरूतल्या फ्लॅटचं कर्ज ६२ लाख, १५ वर्षं बाकी, व्याज ८.४ टक्के. पुण्यातल्या एका लहान डिझाइन कंपनीने ३४ लाखांची ऑफर दिली आहे, शेअर नाहीत, जानेवारीत या म्हणतात. इथून निघाल्या तर पुढच्या तीन वर्षांत मिळायचे ५८ लाखांचे शेअर बुडतात. त्या लिहितात, "ऑक्टोबरात टेप-आऊट (चिपचा पूर्ण झालेला आराखडा कारखान्याकडे पाठवणं) झालं. त्याआधी चार महिने रोज रात्री साडेनऊला ऑस्टिनचा कॉल. रात्री लावलेल्या रिग्रेशनमध्ये (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या संचात) किती टेस्ट फेल झाल्या हे बघितल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही. गणपतीला सांगलीला जाता आलं नाही. पण एवढे शेअर सोडून कोण जातं, असं सगळेच म्हणतात." एका मैत्रिणीच्या शेअरचे दसपट झाल्याचं त्या सांगतात, भाऊ गुजरातमधल्या ढोलेराच्या चिप प्रकल्पात जा म्हणतो, आणि नोकरी सोडावी का, हा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही नोकरीचं विचारलंय, पण मी आधी शेअरचं बोलतो. तो निर्णय सोपा आहे आणि तो झाला की नोकरीचा निम्मा गुंता सुटतो.

घर सोडून तुमची एकूण मालमत्ता १ कोटी ९३ लाख. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग एकाच कंपनीच्या शेअरमध्ये आहे. पगार त्याच कंपनीचा, बोनस तिचाच, पुढे मिळणारे शेअर तिचेच, आईवडिलांचा आरोग्य विमाही तिचाच. सगळं शेत एकाच विहिरीवर. आणि चिपचा धंदा असा की दर काही वर्षांनी या विहिरीचं पाणी खाली जातं. २००१ मध्ये जगभरातली चिपची विक्री एका वर्षात जवळपास एक तृतीयांशाने घसरली होती. २०२२-२३ मध्ये मेमरी चिपचे भाव कोसळले आणि मायक्रॉनने दहा टक्के कर्मचारीकपात जाहीर केली. इंटेलने १ ऑगस्ट २०२४ ला पंधरा हजारांहून जास्त लोक कमी करणार आणि लाभांश थांबवणार असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के पडला. नोकरी जाण्याची भीती आणि साठवलेल्या पैशाची घसरण, दोन्ही एकाच दिवशी. तुमच्या शेअरला तसाच एक दिवस आला तर ३४ लाख जातील.

तुमच्या मैत्रिणीच्या शेअरचे दसपट झाले, हे खरं असेल. एनव्हिडियावाल्यांचं झालंच. पण त्याच एनव्हिडियाचा शेअर २०२१ च्या अखेरीपासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत साठ टक्क्यांहून जास्त पडला होता, आणि २७ जानेवारी २०२५ ला एका दिवसात १७ टक्के. इंटेलने २००० साली गाठलेला भाव पुढची वीस वर्षं पुन्हा दिसला नाही. दोन्हीकडे काम करणारे इंजिनिअर तितकेच हुशार होते. तुम्ही चिपमधला बग शोधण्यात तरबेज आहात म्हणून शेअरचा भाव कुठे जाईल हे तुम्हाला कळेल असं नाही. मी सगळ्यांना एकच विचारतो: आज तुमच्या हातात १ कोटी ३२ लाख रोख असते, तर ते सगळे याच एका कंपनीत घातले असते का? आजवर कुणी हो म्हटलेलं नाही.

आता कराचं. "कंपनीने आधीच कर कापलाय, मग विकताना पुन्हा का?" असं तुम्ही विचारलंय. शेअर खात्यात आले त्या दिवशीची किंमत हा तुमचा पगार धरला गेला, त्यावरचा कर म्हणून सुमारे एक तृतीयांश शेअर परस्पर विकले गेले. विकताना कर लागतो तो त्या दिवसानंतर वाढलेल्या रकमेवरच. २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर सध्या १२.५ टक्के, अधिक सरचार्ज आणि सेस. त्याहून नवे असतील तर तुमच्या स्लॅबने. भारतीय बाजारातल्या शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही.

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात जुने शेअर ८५ लाखांचे, त्यात नफा ४५ लाख. नवे ४७ लाखांचे, त्यात नफा जेमतेम ५ लाख. बहुतेक लोक इथेच अडतात. नव्यांना दोन वर्षं होऊ दे, कर वाचेल, म्हणतात. वाचतो किती? १ लाखाच्या थोडा वर. ४७ लाखांचा शेअर तीन टक्के उतरला की तेवढे गेले. म्हणून नवे शेअर आधी विका. जुन्यांपैकी निम्मे ३१ मार्चच्या आत आणि उरलेले १ एप्रिलनंतर. सगळे एकाच वर्षात विकले तर तुमचं एकूण उत्पन्न १ कोटीच्या वर जातं आणि सरचार्ज १० वरून १५ टक्के होतो, तोही पगारावरच्या करासकट. विक्री कंपनीची ट्रेडिंग विंडो, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर विकायची मुभा असलेला काळ, उघडी असतानाच करा, निकालाच्या आधी ती बंद असते.

फार तर २० लाखांचे शेअर ठेवा, मन राहत नसेल तर. कर जाऊन हातात १ कोटी ५ लाखांच्या आसपास येतील.

एक गोष्ट मात्र चिप कंपन्यांतल्या फार थोड्या लोकांना माहीत असते, म्हणून जरा थांबून सांगतो. अमेरिकन कंपनीचे शेअर असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी नसेल आणि तिचा मृत्यू झाला, तर त्या शेअरवर अमेरिकेचा वारसा कर लागतो. सूट फक्त ६० हजार डॉलरची, त्यापुढे दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. या कराबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. तुमचे शेअर या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहेत. उद्या काही झालं तर मिस्टरांना आधी तो कर भरावा लागेल. शेअर कमी करायला माझ्या दृष्टीने हे एकटं कारणही पुरेसं आहे.

शिवाय विकले नसले तरी हे शेअर दरवर्षी रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावेच लागतात, आणि तिथे हिशोब जानेवारी ते डिसेंबर असा धरतात. न दाखवल्याचा दंड १० लाख. ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण दाखवायचं बंधन तेव्हाही आहेच. मागच्या वर्षांत राहून गेलं असेल तर सीएला आजच फोन करा.

आलेल्या पैशातले ४० लाख कर्जात भरा. फ्लोटिंग दराचं कर्ज आहे, दंड नाही. एरवी मी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगतो. तुम्ही उलट करा, मुदत तीच ठेवा आणि हप्ता कमी करून घ्या. तो ६१ हजारांवरून २२ हजारांच्या आत येईल. उत्पन्न घटणार असताना दर महिन्याचा भार हलका असणं जास्त मोलाचं. १८ लाख एफडी आणि लिक्विड फंडात, आधीचे ६ धरून २४ लाखांची गंगाजळी. उरलेले ४७ लाख वर्षभरात हप्त्याहप्त्याने इंडेक्स फंडांत. त्यात सेमीकंडक्टर किंवा टेक्नॉलॉजीचा फंड नको, पगार त्याच धंद्यातून येतोय.

आता नोकरी. इतर वाचकांसाठी सांगतो, व्हेरिफिकेशनचं काम म्हणजे चिप बनण्याआधी तिच्या आराखड्यातली चूक शोधणं. सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली तर पॅच देता येतो. इथे टेप-आऊट झालं की मास्क (चिप छापायचे साचे) बनतात, फॅबमधून, म्हणजे चिपच्या कारखान्यातून, वेफर (चिप कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या) यायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात, आणि मग चूक सापडली तर री-स्पिन, म्हणजे चिप दुरुस्त करून पुन्हा बनवणं. कोट्यवधी रुपये आणि अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणून एक फेल झालेली टेस्ट घेऊन माणसं दोन-दोन दिवस वेव्हफॉर्म (सिग्नलचे आलेख) बघत बसतात आणि शेवटी दोष डिझाइनमध्ये नव्हे, टेस्टबेंचमध्येच, म्हणजे तपासणीच्या कोडमध्येच निघतो. हा ताण मनाचा खेळ नाही, तो कामाच्या रचनेतच आहे. पण तो लाटेसारखा येतो, आणि तुम्ही मला पत्र लिहिलंत ते लाट अंगावरून गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. राजीनाम्याची तारीख त्या आठवड्यात ठरवू नका.

सोडण्याची किंमत मोजू. पगारातला फरक, बोनस आणि शेअर, सगळं करोत्तर धरून महिना सुमारे १ लाख ७० हजार. ५८ लाख बुडणार म्हणता, पण त्यातले हातात येणार होते ३८ लाखांच्या आसपास, तेही तीन वर्षं टिकलात आणि भाव टिकला तर. ती तुमची आजची संपत्ती नाही, पुढच्या बारा तिमाह्यांची मजुरी आहे.

आणि पुण्यात भागेल का? हातात २ लाख ५ हजार, बंगळुरूच्या फ्लॅटचं येणारं भाडं ३८ हजार. घरखर्च १ लाख १० हजार, पुण्यातलं भाडं ३८ हजार, नवा हप्ता २२ हजार. मिस्टरांना नवी नोकरी लागेपर्यंत त्यांचा पगार शून्य धरला तरी महिना ७० हजार उरतात. भागतं. म्हणून माझं मत, जा. पण जानेवारीत नको. फेब्रुवारीचे शेअर आणि मार्चचा बोनस घेऊन मार्चअखेर राजीनामा द्या, ६० दिवसांच्या नोटिसीत मेचे शेअरही मिळतील. करोत्तर साडेनऊ लाखांच्या आसपास होतात, आणि टेप-आऊटनंतरचे हे महिने तुलनेने हलके असतात. नोटीस काळात शेअर मिळतात का, हे मात्र करारात आधी वाचून घ्या.

पुण्याच्या कंपनीला जून सांगा, आणि बुडणाऱ्या शेअरच्या बदल्यात जॉइनिंग बोनस मागा. या धंद्यात तो मागणं रीतीचं आहे. पहिल्याच ऑफरला हो म्हणण्याची गरजही नाही. एनव्हिडिया आणि मार्व्हेल या दोन्ही कंपन्यांची ऑफिसं पुण्यात आहेत, अर्ज करून बघा. नऊ वर्षांच्या व्हेरिफिकेशन इंजिनिअरला दार लावून घेणारं कुणी नाही. भावाने सुचवलेलं ढोलेरा मात्र तुमच्यासाठी नाही. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी कंपनीचा ९१ हजार कोटींचा तो प्रकल्प फॅब आहे. तिथे प्रोसेस आणि यंत्रसामग्रीची माणसं लागतात, क्लीनरूममध्ये (धूळविरहित दालनात) पाळीने काम असतं. तुमच्या अनुभवाचा तिथे फारसा उपयोग नाही.

राहिला विमा. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आहे. नोकरी सुटली की कंपनीचा विमा संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेतलं तर आधीची वर्षं धरली जातात, पण त्याची विचारणा नोकरीत असतानाच करायची. फेब्रुवारीत एचआरकडे हा अर्ज द्या आणि पॉलिसी देऊ असं विमा कंपनीचं लेखी उत्तर आल्यावरच राजीनाम्याचा मेल पाठवा.