घटपर्णीचं खाणं घटातच

प्रश्न : माझी घटपर्णी खिडकीशी टांगलेली आहे. खिडकीला जाळी असल्यामुळे किडा आत येत नाही. तिला काय द्यावं आणि किती?

उत्तर : घटपर्णी (नेपेंथिस) म्हणजे पानाच्या टोकाला घट धरून त्यात किडे पचवणारं रोप. घरातल्या घटपर्णीसाठी सगळ्यांत सोपे ते सुकवलेले ब्लडवर्म. माशांचं खाद्य म्हणून मिळणाऱ्या या लाल अळ्या. नवीन घटाचं झाकण उघडल्यावर आठवडाभर थांबा. तेवढ्यात कड टणक होते आणि रंग भरतो. मग टॉर्च लावून आत बघा. तळाशी घटाच्या पाव ते एक-तृतीयांश उंचीपर्यंत द्रव दिसायला हवा. बऱ्याच जातींत तो चिकट असतो, काडी बुडवून उचलली तर तार सुटते. द्रव सांडून गेला असेल तर तेवढंच शुद्ध पाणी (पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं) घाला.

ब्लडवर्म कोरडे टाकू नका. थोड्या शुद्ध पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि चिमट्याने थेट द्रवात सोडा. १० सेंमी उंचीच्या घटाला लहानशी चिमूट पुरते. खाद्य भिंतीला वर चिकटून राहिलं तर त्यावर पांढरी बुरशी येते आणि तेवढी भिंत करपते, म्हणून शेवटी ड्रॉपरने दोन थेंब पाणी सोडून ते खाली ढकला. तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही एक-दोन घटांनाच द्या. पचलेलं नत्र रोपभर पोचतं, प्रत्येक घट भरायची गरज नसते.

जास्त झालं की आधी वासच सांगतो. द्रव गढूळ होतो आणि घट खालून तपकिरी पडत जातो. लवकर लक्षात आलं तर ड्रॉपरने द्रव काढून शुद्ध पाणी घाला. घट कुजलाच तर तेवढाच कापा. पान हिरवं असेपर्यंत ते रोपासाठी अन्न तयार करत असतं, त्याला हात लावू नका.

प्रश्न : अळ्या हाताळायला मन धजत नाही. घटपर्णी त्यांच्याशिवाय जगेल का?

उत्तर : जगेल. खताच्या सावकाश विरघळणाऱ्या लेपित गोळ्या वापरा. १४-१४-१४ प्रमाणाच्या (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), तीन महिने पुरणाऱ्या गोळ्या चांगल्या. ५ सेंमीच्या घटात एक, १० सेंमीच्या घटात दोन, १५ सेंमीच्या पुढे तीन. गोळीचा लेप फुटलेला नको, नाहीतर आतलं सगळं खत एकदम सुटून घट जळतो. उष्णता वाढली की गोळी लवकर रिकामी होते, पण त्या घटात लगेच दुसरी टाकू नका; पुढची गोळी नव्या घटात. गोळ्या दिलेल्या घटाला ब्लडवर्म देऊ नका.

याच कुळातली नेपेंथिस ॲम्पुलारिया तर रानात वरून पडणारा पालापाचोळा घटात झेलते आणि त्यातून बरंचसं नत्र मिळवते.

प्रश्न : कुंडीत मूठभर गांडूळखत घातलं. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि वरचं मॉस काळं पडलं. आता काय करू?

उत्तर : माध्यम, म्हणजे कुंडीतलं मिश्रण, आजच बदला. घटपर्णीची मुळं क्षार जवळजवळ नसलेल्या जागी वाढणारी असतात. माध्यमात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि ती मरतात. करपलेल्या कडा हा त्याचाच परिणाम. एरवी जास्त क्षार पाणी ओतून धुऊन काढता येतात, पण गांडूळखत मॉसमध्ये अडकून राहतं आणि क्षार सोडतच राहतं.

रोप अलगद काढा आणि मुळांभोवतीचं माध्यम शुद्ध पाण्यात हलवून सोडवा. मुळं मूळचीच काळी आणि नाजूक असतात. काळी दिसली म्हणून कापू नका, मऊ पडून गळणारी तेवढीच काढा. दोन भाग लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) या मिश्रणात लावा. कोकोपीट टाळलेलं बरं, त्यात पुष्कळदा मीठ उरलेलं असतं. पाणी पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५० पीपीएमच्या आत. नवी पानं धरेपर्यंत खाणं बंद ठेवा, ऊन सौम्य आणि हवा दमट असू द्या. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होणार नाहीत. नवं पान कसं येतं तेवढंच पाहा.

प्रश्न : पानं भराभर येतात, पण टोकाशी घट धरत नाही. खाणं वाढवू का?

उत्तर : नको. पानाच्या टोकाचा तंतू लांबून त्यावरची घटाची कळी मोहरीएवढीच राहून वाळत असेल, तर बहुतेक वेळा उजेड किंवा हवेतला ओलावा कमी पडतो आहे. रोज चार-पाच तास कोवळं ऊन किंवा बारा-चौदा तास एलईडी दिवा, आणि ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. जागा बदलल्यानंतरच्या दोन-तीन पानांवर घट नाही आला तरी धीर धरा. मुळांतून खत मिळणारं रोपही असंच वागतं : पानं मोठी, गर्द हिरवी आणि घट नाही. नत्र खालून मिळत असेल तर रोप घट घडवण्यावर खर्च करत नाही.

प्रश्न : सारासेनियालाही हेच लागू आहे का?

उत्तर : सारासेनिया ही उभ्या नळीसारख्या पानांत किडे धरणारी दुसरी वनस्पती. खत मुळाशी नको, हे तिथेही खरं. बाकी बरंच वेगळं. सारासेनिया बाहेर पूर्ण उन्हात ठेवायची, ती स्वतःच एवढे किडे धरते की भरवण्याची वेळच येत नाही. कधीकधी नळीत किड्यांचा खच साचून मध्यावर तपकिरी पट्टा पडतो. तो रोग नाही. नळीचा वरचा भाग हिरवा असेपर्यंत ती कापू नका. किडे मिळत नसतील तर वाढीच्या काळात महिन्याला एकदा उंच नळीत दोन लेपित गोळ्या आणि एक-दोन चमचे शुद्ध पाणी. थंडीत तिला तीन-चार महिने विश्रांती लागते. तेव्हा काहीही देऊ नका.

प्रश्न : मांसाचा तुकडा, दूध किंवा पनीर चालेल का?

उत्तर : नाही. त्यातली चरबी घटाला नीट पचत नाही. द्रव नासतो आणि दोन-चार दिवसांत घट कुजतो.