मोहोर राहू द्या, आधी पाटल्या सोडवा

नाशिकहून एका वाचकांचं सविस्तर पत्र आलंय. वय ४७, सातपूरला कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार ७२ हजार. शाळेत असल्यापासून नाणी जमवतात. सुरुवात आजोबांच्या पितळी डब्यातल्या २२ राणीछाप रुपयांपासून झाली. आता संग्रहात चांदीचे जवळपास तीनशे रुपये, तांब्याच्या १२० शिवराया आणि दोन सोन्याची नाणी आहेत. त्यांचा प्रश्न असा: एकांकडे ईस्ट इंडिया कंपनीची १८४१ ची सोन्याची मोहोर आहे, व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि मागे ताडाच्या झाडापुढे सिंह. मागतायत सव्वाचार लाख. त्यासाठी साडेचार लाखांची एफडी मोडावी, की पत्नीच्या दागिन्यांवर आणखी तीन लाख सोनेतारण कर्ज काढावं?

उत्तर लगेच देते. दोन्ही नको. मोहोर घेऊ नका.

१८४१ ची मोहोर देखणी असते, हे कबूल. पण हिशेब बघा. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. जुन्या लोकांच्या तोंडी 'रुपयाभार' होतं ते हेच वजन. त्यात शुद्ध सोनं १०.७ ग्रॅम. हिशेबापुरता सोन्याचा भाव ग्रॅमला १२,००० धरू. तुम्ही त्या दिवशीचा घाला. सोनं झालं एक लाख अठ्ठावीस हजारांचं. उरलेले जवळपास तीन लाख तुम्ही दुर्मीळपणाचे देणार. ते देण्यासारखे आहेत का, हे नाणं अस्सल आहे का आणि किती झिजलंय यावर ठरतं. विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र नाही, 'घराण्यातली आहे' एवढीच ग्वाही, आणि पैसे रोख हवेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. जो माणूस तीच अट घालतो, त्याच्या शब्दावर तीन लाख ठेवायचे नाहीत.

मोहोरेचा विषय माझ्यापुरता इथे संपला. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, त्याने मी जास्त अस्वस्थ झाले: "मुलगी अकरावीला आहे, पण इंजिनिअरिंगची काळजी नाही, कॅटलॉगप्रमाणे संग्रह २४ लाखांचा आहे."

तो २४ लाखांचा नाही. तुम्ही यादी आणि फोटो दोन्ही पाठवलेत, म्हणून एकेक घेऊ.

तुमचे २६० रुपये साधे आहेत: राणीछाप, एडवर्डचे, पंचम जॉर्जचे, नेहमी सापडणाऱ्या सालांचे. कॅटलॉगमधला साडेतीन हजारांचा भाव लावून तुम्ही ९ लाख १० हजार मांडलेत. तो भाव टाकसाळीतून नुकत्याच निघालेल्या, बोटही न लागलेल्या नाण्याचा असतो. तुमचे रुपये तीन पिढ्यांच्या हातांतून फिरलेले आहेत, राणीच्या केसांच्या रेषा सपाट झाल्यात. शिवाय फोटो मोठा करून पाहिला तर बहुतेकांवर बारीक, एकाच दिशेचे ओरखडे दिसतात आणि चांदी नको इतकी पांढरी आहे. तुम्हीच लिहिलंय की लक्ष्मीपूजनाला दरवर्षी चिंच लावून घासून काढतो. नाण्यावर काळपट थर धरतो, त्याला संग्राहक किंमत देतात. तो गेला की नाणं सराफाच्या काट्यावर येतं. एका रुपयात शुद्ध चांदी १०.७ ग्रॅम. ग्रॅमला १५० धरले तर १,६००, घेणाऱ्याची कसर जाऊन १,५००. २६० चे झाले ३ लाख ९० हजार.

पुढे निवडक ३० नाणी, तुमच्या मते सहा लाखांची. त्यातला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया मला मनापासून आवडला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला आणि सरकारला ठसा बदलावा लागला. म्हणून त्याला 'पिग रुपया' म्हणतात. फोटोत तो हत्ती स्पष्ट दिसतो. हे नाणं जपा. पण सहातले दोन लाख तुम्ही एकट्या १९३९ च्या रुपयाचे धरलेत, आणि तो प्रदर्शनात १८ हजारांना घेतलात. त्या सालाचा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून त्याच्या नकलाही भरपूर आहेत. दोन लाखांचं नाणं जाणकार विक्रेता १८ हजारांना का देईल, हा प्रश्न त्याच दिवशी पडायला हवा होता. वजन आणि विशिष्ट गुरुत्व तपासून घ्या. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी जवळपास ९२ टक्के आहे, १९४० पासून निम्मीच. नवीन रुपयावर साल कोरून बनवलेली नक्कल असेल तर तिथेच उघडी पडते. मात्र जुना रुपया खरवडून साल बदललं असेल तर चांदी बरोबरच भरेल, मग आकडे भिंगाखाली जाणकारानेच पाहायला हवेत. तोवर त्याची किंमत मी शून्य धरते. बाकी २९ चे एक लाख वीस हजार.

शिवरायांच्या बाबतीत मन दुखावेल, पण सांगते. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं असली म्हणजे नाणं शिवाजी महाराजांच्याच हयातीतलं, असं होत नाही. शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती. तुमच्या फोटोतल्या बहुतेक दुदांडी आहेत, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असलेल्या, नंतरच्या. ढिगाने मिळतात. साठ हजार नव्हे, पंधरा हजार.

राहिलं सोनं. तुम्ही धरलेत ८ लाख ३० हजार. १९१८ चं पंधरा रुपयांचं नाणं चांगलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत मुंबईच्या टाकसाळीत ते पाडलं, त्याच एका वर्षी, म्हणून त्याला मागणी असते. दोन लाख धरू. पण १८६२ च्या मोहोरेच्या वरच्या कडेला, राणीच्या मुकुटाच्या अगदी वर, डाग दिल्याची खूण आहे. कुणीतरी तिला कडी लावून गळ्यात घातली आणि नंतर कडी काढून घासली. अशी मोहोर सोन्याच्या भावाने जाते. सव्वा लाख.

बेरीज साडेआठ लाख. लिलावात दिलीत तर लिलावगृहाचं कमिशन जाईल. नफ्यावर करही आहे. नाण्यांना घरगुती वापराच्या वस्तूंची सूट मिळेल या भरवशावर राहू नका. दोन वर्षांहून जुन्या खरेदीवरच्या नफ्याला साडेबारा टक्के लागतात, आणि पावत्या नसतील तर खरेदी किती होती हे सिद्ध करणं तुमच्याच अंगावर येतं. हातात साडेसात लाख येतील, तेही विकायला वर्ष-दीड वर्ष लागेल.

तुमचा भाचा लंडनला आहे, तिकडच्या लिलावात दुप्पट येतील, असंही पत्रात आहे. हा विचार आजच डोक्यातून काढा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. भाच्याच्या बॅगेतून तर मुळीच नाही. वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याला दहा लाख देऊ म्हणणारी जाहिरातही तुम्ही चिकटवलीत. त्या नंबरवर फोन करू नका. असे लोक आधी 'नोंदणी फी' मागतात आणि नाव रिझर्व्ह बँकेचं सांगतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणाकडून कमिशन मागत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही कंसात लिहिलीत: "(आधीचं साडेतीन लाखांचं सोनेतारण चालू आहे, दरवर्षी व्याज भरून नवं करतो.)" तीन वर्षं झाली. साडेदहा टक्क्यांनी वर्षाला ३७ हजार, म्हणजे आतापर्यंत एक लाख दहा हजार व्याजात गेले आणि मुद्दल जागच्या जागी आहे. ज्या पाटल्या गहाण आहेत त्या तुमच्या पत्नीच्या आहेत आणि त्या पैशांतून नाणी आली. त्यांना हे किती माहीत आहे, ते पत्रात नाही. आणखी तीन लाख काढलेत तर महिन्याला पावणेसहा हजार नुसतं व्याज. दोन-तीन महिने ओव्हरटाइम बंद झाला, व्याज थकलं, तर पाटल्या लिलावात जातील, आणि तिथे घडणावळीला कोणी एक रुपया देत नाही.

म्हणून करायचं ते असं. साध्या २६० रुपयांतून आजोबांचे २२ बाजूला काढा. उरलेले २३८ विका. दीड हजाराने साधारण साडेतीन लाख होतात, म्हणजे कर्जाएवढेच. कर दहा-बारा हजार लागला तर तो पगारातून भरा. परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे जा, चेकने पैसे घ्या, पावती घ्या. एकदम विकू नका, तीन-चार ठिकाणी भाव विचारा. घासलेले असले तरी नव्याने सुरुवात करणारे संग्राहक हेच रुपये घेतात. वितळवणाऱ्याला मात्र देऊ नका. चांदीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाव इथेही येतो, आणि नाणं नाणं म्हणून टिकतं.

एफडीला हात लावू नका. साडेचार लाख म्हणजे तुमच्या घराचा सहा महिन्यांचा खर्च, तुमच्याकडे दुसरं काही शिल्लक नाही.

विमा. दोन पॉलिसींना वर्षाला ९६ हजार भरता आणि संरक्षण किती, तर दहा लाख. उद्या तुम्ही नसलात तर दहा लाखांत घर चौदा महिने चालेल. 'बचत अधिक विमा' म्हणून हे गळ्यात मारणाऱ्याने तुमच्या घराचा खर्च एकदा तरी विचारला होता का? मला याचा फार राग येतो, कारण दर आठवड्याला असं एक पत्र येतं. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या. हप्ता आताच्या निम्म्याहून कमी बसेल. तो हातात आला, वैद्यकीय तपासणी पार पडली, की मगच जुन्या दोन्ही पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून आतापर्यंत भरलेल्यावरच चालू ठेवा. आधी नाही.

यातून महिन्याला काय सुटतं? पॉलिसींतले साधारण पाच हजार, कर्जाच्या व्याजाचे तीन, आणि नाण्यांवर महिन्याला जे दहा हजार जातात त्यातले आठ. सोळा हजार. मुलीच्या प्रवेशापर्यंत वीस महिने आहेत. बँकेच्या आवर्ती ठेवीत तीन लाख वीस हजार जमतील. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह त्यात बसेल. पुढच्या तीन वर्षांना शैक्षणिक कर्ज काढा, मुलीच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार. शेअर बाजारात वीस महिन्यांसाठी एक रुपयाही नको.

दोन हजार महिना नाण्यांना राहू दे. ते तुमच्या आनंदाचे आहेत, त्याचा हिशेब मी मागणार नाही. नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तुम्ही इतक्या वर्षांत तिथे गेला आहात का, ते लिहिलेलं नाही. मुलीला घेऊन जा. प्रत्येक नाण्याचं वजन, साल, टाकसाळ, कधी आणि कितीला घेतलं, हे एका वहीत लिहायला बसा, आणि ती वही कपाटात कुठे असते हे पत्नीला दाखवा. आज तुमच्या माघारी त्यांना पिग रुपया आणि साधा रुपया वेगळा ओळखता येणार नाही, कोणीही येऊन वजनावर घेऊन जाईल.

आणि आजोबांचे ते २२ रुपये: या दिवाळीला चिंच लावू नका. ताम्हनात कोरडेच ठेवा, हळदकुंकू बाजूला वाहा.