नवी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका : पहिल्या भागावरून काय ठरवावे?

प्रश्न : नव्या अ‍ॅनिमे मालिकेचा पहिला भाग डोळ्यांत भरला. दुसऱ्यात मात्र लांबच्या पात्रांचे चेहरे वेडेवाकडे दिसले. पुढे बघू की सोडू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तिसऱ्या भागापर्यंत तरी सोडू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे फसते. पहिल्या भागावर बहुधा खुद्द दिग्दर्शकाचा हात फिरलेला असतो, वेळही जास्त मिळालेला असतो. पुढचे भाग वेगवेगळ्या गटांकडे जातात आणि आठवड्याला एक दाखवायचा असतो. लांबचे चेहरे मुद्दामच मोजक्या रेघांत काढतात, ती चूक नव्हे.

चित्र थांबवून दोष शोधू नका, हालचाल बघा. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात, पण एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवतात. म्हणजे नवी चित्रे १२ किंवा ८च. एवढ्यातही पात्राने पेला टेबलावर ठेवताना त्याचं वजन जाणवलं, मान वळल्यावर केस क्षणभर मागून आले, तर काम जाणत्या हातांचं आहे. याउलट जवळच्या दृश्यातही एक डोळा वर, एक खाली असा दिसला, लांबलचक संवादात नुसते ओठच हलत राहिले, तर वेळापत्रक कोलमडलंय असं समजा. असे बिघडलेले चेहरे पुढे ब्लू-रे डिस्कच्या आवृत्तीत अनेकदा दुरुस्त होतात. कथा ढिली असेल तर ती मात्र तशीच राहते.

एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं-शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. गाणी गाळली तर तीन भागांना तासाभराहून थोडाच जास्त वेळ लागेल.